उपाशी ताटली

फोन अकराच्या सुमाराला आला आणि फोनवरच्या बाईने भांडण केलं नाही, हीच खरी पंचाईत झाली. भांडणाऱ्या माणसांची तिला सवय होती. जनावरांच्या रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं काढल्यावर लोकांचं भांडण म्हणजे पंख्याचा आवाज. चालू आहे तोवर ऐकूसुद्धा येत नाही. पण ही बाई गोड बोलली. "मॅडम, आभार मानायला फोन केला. तुमचा कागद आला आणि आमच्या घरातला वाद मिटला बघा." "कसला वाद?" "अहो, चार वासरं गेली ना आमची, एकामागून एक. तीन दिवसांचंसुद्धा कुणी झालं नाही. पांढरी हगवण लागायची आणि डोळे खोल जायचे. मी पहिल्यापासून सांगत होते, सासूबाईंचा हात सैल आहे, दूध पाजताना भान राहत नाही. आमच्या यांना पटायचं नाही, आईची बाजू घ्यायचे. तुमच्या कागदावर स्पष्टच आलं. 'घातक जंतू आढळले नाहीत. आहारातील चूक असावी.' आता त्यांना गोठ्यात पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलंय. उद्या-परवा एक गाय विणार आहे, तिच्या वासराचं सगळं मीच बघणार. तुम्ही लिहिलंय तसं दूध निम्मंच देणार." मग बाईने शाळेतल्या हुशार मुलीने विचारावं तसं विचारलं, "एवढंच विचारायचं होतं, चीक पण निम्माच ना?"

"नाही," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला. "तासाभरात फोन करते. तोवर काही करू नका."

फोन ठेवल्यावर ती खुर्चीत तशीच बसून राहिली. ऑफिसात तिच्या मागे तिला 'शिक्का' म्हणत, हे तिला माहीत होतं, आणि माहीत असल्याचं तिने कधी दाखवलं नव्हतं, कारण नाव आवडलं होतं. शिक्का पडला की विषय संपला. नऊ हजारांवर अहवाल तिच्या सहीने बाहेर गेले होते आणि एकही परत आला नव्हता. आता तिला पहिल्यांदाच वाटलं, की परत न येणं म्हणजे बरोबर असणं, हे आपल्याला कुणी सांगितलं होतं? लोक कागद घेऊन जातात, आणि कागदावरून पुढे काय करतात ते कुणी कळवत नाही. एखादा फाडतो, एखादा कपाटात ठेवतो, एखादा त्या कागदाने सासूला गोठ्याबाहेर काढतो. 'दूध निम्मे करावे' हे वाक्य तर तिचंही नव्हतं. ते छापील अर्जाच्या तळाशी होतं, महिन्या-दोन महिन्यांच्या थोराड वासरांसाठी कुणीतरी कधीकाळी लिहिलेलं. तिने फक्त त्याच्यापुढे बरोबरची खूण केली होती. खूण करायला किती वेळ लागतो? पेन टेकवायचं आणि उचलायचं.

वही काढून तिने तो नमुना शोधला. वासराच्या आतड्याचा तुकडा, तीन आठवड्यांपूर्वीचा. तो तिला लख्ख आठवला, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तो फार देखणा दिसला होता. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखी बारीक लव असते. ती एकूण एक उभी होती, वाऱ्यावर डुलणाऱ्या शेतासारखी, कुठे जखम नाही, कुठे सूज नाही. तिने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावून दाखवलंही होतं, "बघा, आतडं असावं तर असं." तो म्हणाला होता, "फक्त मालक मेलाय." दोघं हसले होते. आता त्या हसण्याचा कडवट स्वाद तिच्या जिभेच्या मागच्या बाजूला आला. कारण तिला ठाऊक होतं, विद्यार्थ्यांना ती दरवर्षी शिकवायची, की नवजात वासरांना पांढऱ्या हगवणीने मारणाऱ्या जंतूचं विष मोठं सभ्य असतं. काही फोडत नाही, जाळत नाही, रक्ताचा थेंब काढत नाही. आतड्याच्या पेशीच्या दारात जाऊन फक्त एक कळ दाबतं, आणि पेशी पाणी सोडू लागते. पेशी बिघडलेली नसते. ती हुकूम चोख पाळते. हुकूम देणारा तेवढा परका असतो. अंगातलं सगळं पाणी त्याच अंगाच्या पोटात उतरत राहतं, आणि वासरू शेवटपर्यंत मान वर करून प्यायला मागत असतं. नंतर उघडून पाहिलं तर घराला तडा नाही, काच फुटलेली नाही, आणि आत माणूस तहानेने मेलेला. सुंदर आतडं हीच तर त्या विषाची सही. आणि तिने त्या सहीखाली आपली सही केली होती.

पण नुसत्या आतड्यावरून तिने निकाल दिला नव्हता. जंतू वाढवले होते, त्यांची परीक्षा घेतली होती, तसं वहीत होतं. जंतू सगळ्याच वासरांच्या पोटात असतात, बहुतेक निरुपद्रवी. विषारी जातीला मात्र आतड्याला धरून बसायला केसांसारखे बारीक हात असतात. त्या हातांना ओळखणारा एक द्राव असतो. काचेवर जंतूंच्या थेंबात द्रावाचा थेंब मिसळला आणि दूध फाटल्यासारखे कण झाले, की हात सापडले. वहीत तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कण नाहीत.' ती उठली आणि मागच्या खोलीत गेली. तिथे जंतूंसाठी खाणं शिजवणारा माणूस बसायचा. सगळे त्याला आचारी म्हणत. तोही स्वतःला आचारीच म्हणायचा आणि वर सांगायचा, की आपल्या पंगतीतला एकही जण आजवर नावं ठेवून उठलेला नाही.

"तीन आठवड्यांपूर्वी," तिने वहीतली तारीख दाखवली, "हाताची परीक्षा कुठल्या ताटलीवरच्या जंतूंवर केली आपण?"

आचाऱ्याने चष्मा कपाळावर चढवला. त्याच्याकडे दोन प्रकारच्या ताटल्या असत. भरली ताटली, म्हणजे मांसाच्या अर्काची, सगळ्यांची लाडकी; आणि उपाशी ताटली, म्हणजे चार क्षार, जराशी साखर, बाकी उपास. "भरलीच की," तो म्हणाला. "त्या आठवड्यात उपाशीचं सामान संपलं होतं. मी विचारलं होतं तुम्हाला दारात उभं राहून. तुम्ही म्हणालात, या वेळी चालवून घेऊ."

"मी म्हणाले?"

"बाई, मी म्हटलं असतं तर लक्षात राहिलं नसतं. तुम्ही 'चालवून घेऊ' म्हणालात म्हणून राहिलं. तुमच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं."

आठवलं. त्या दिवशी तिला सुट्टीवर जायचं होतं, चार दिवस, आईचे डोळे दाखवायला. टेबल रिकामं करून जायचं होतं. आणि हा जंतू असा, की भरल्या ताटलीवर बसवला तर हात बाहेरच काढत नाही. सुखवस्तू माणसासारखा घडी घालून ठेवतो. त्याला अर्धपोटी ठेवावं तेव्हा हात दिसतात. हेही ती दरवर्षी शिकवायची, फळ्यावर दोन ताटल्या काढून. वर्गात हशा पिकवायची. मुलं वहीत लिहून घ्यायची.

जंतूंची मूळ कुपी थंड कपाटात होती. तिने ती काढली, आचाऱ्याने ताजी उपाशी ताटली पुढे ठेवली, तिने तार ज्योतीत लाल करून थंड केली आणि ताटलीवर रेघा ओढल्या. उद्यापर्यंत थांबायला हवं होतं. तिचा नियमच होता, कण दिसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पण गाय तिच्या ताटलीसाठी थांबणार नव्हती. वासरू आईच्या पोटातून येताना रोगाशी लढायची कसलीही शिदोरी आणत नाही. ती सगळी चिकात असते, आणि आतडं ती पहिल्या काही तासांतच जशीच्या तशी आत घेतं. दिवस उलटला की ते दार लागतं, मग घागरभर पाजा, उपयोग नाही. तिने फोन लावला.

"चीक निम्मा नाही," ती म्हणाली. "वासरू उभं राहिलं की लगेच, पोटभर, आणि सहा-सात तासांनी पुन्हा. हगवण लागलीच तर दूध तोडायचं नाही, मधल्या वेळेला मीठ-साखरेचं पाणी द्यायचं. भरपूर."

"पण तुमच्या कागदावर तर..."

"कागद चुकला."

"कागद कसा चुकेल, मॅडम?" बाई खरोखर गोंधळली होती.

"मी चुकवला. जंतू असावेत असं वाटतंय. उद्या नक्की सांगते. तुमच्या सासूबाई आहेत का जवळ? त्यांना द्या."

पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचं ऐकू आलं. मग भांडं ठेवल्याचा आवाज, चपला, आणि एक कोरडा, घाई नसलेला आवाज. "बोला."

तिने सांगितलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "मी किती दूध पाजायची ते विचारलं का कुणी मला? तुमच्या अर्जात ती जागा होती म्हणतात. सूनबाईने भरली."

"नाही विचारलं."

"दुसरं वासरू पाणी मागत होतं हो. जीभ फिरवायचं नुसती. मी बादली पुढे केली तर मुलानेच उचलून नेली. म्हणे, आई, तू ओततेस म्हणून त्याला होतंय." मग म्हातारी म्हणाली, "तोंडी नको. तोंडचं या घरात टिकत नाही. लिहून द्या. आणि चारांचं लिहा. पुढच्या वासराचं नव्हे, गेलेल्या चारांचं."

दुपारचा डबा तिने उघडला आणि झाकला. 'जे वरून ओतशील ते खालून येणार, नळ आहे तो!' हे वाक्य म्हातारीच्या मुलाचं नव्हतं. हे तिच्या आत्याचं होतं, लहानपणी ऐकलेलं. दोन खोल्यांचं घर, खिडकीला निळा कागद लावलेला, आणि हगवणीने सुकलेला पाच महिन्यांचा भाऊ, ज्याच्या टाळूवरची मऊ जागा वाटीसारखी आत गेली होती. ती सात वर्षांची होती. आई मोरीजवळ पाठ करून बसली होती आणि पेल्यात चमचा हलवत होती. चमच्याचा पेल्याला लागून होणारा आवाज होऊ नये म्हणून किती हळू हलवत होती! पाणी, चिमूटभर मीठ, थोडी साखर. आईच्या लहानपणी तिच्या आईने तिला दिलं होतं म्हणून. डॉक्टर सांगून गेले होते, पोटाला विश्रांती द्या, तोंडात काही घालू नका. आत्याने पाहिलं. आत्या ओरडली नाही, आत्या कधीच ओरडत नसे. तिने पेला घेतला, मोरीत रिकामा केला, बाळाला उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन कडी लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी कडी निघाली. पुढे पस्तीस वर्षं घरात कुणीही आईला त्यावरून बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. पाहुण्यांना पाणी द्यायला आई उठली की आत्या म्हणायची, "तू बस, मी देते." एवढंच. रोज.

आत्या वाईट असती तर सगळं सोपं झालं असतं. पण तिला अक्षरओळख करून दिली ती आत्याने, परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठवून उजळणी घेतली ती आत्याने, मुलीने जनावरांच्या कॉलेजात जायचं नाही म्हणणाऱ्या वडिलांना "मग काय तुमच्यासारखं खुर्चीत झोपायचं?" असं विचारून गप्प केलं तेही आत्याने. आणि त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर पेशी काढली. तिला दोन दारं काढली. म्हणाले, विष या दाराची कळ दाबतं आणि पाणी बाहेर जातं. पण ते दुसरं दार बघा, विषाला ते बंद करता येत नाही. मीठ आणि साखर जोडीने आली की ते उघडतं, आणि पाणी त्यांच्या मागोमाग आत येतं. गाईचं वासरू असो की माणसाचं. ती तिसऱ्या बाकावर होती. तिने स्वच्छ अक्षरात उतरवून घेतलं, दोन्ही दारांना वेगवेगळे रंग दिले. संध्याकाळी घरी आली तेव्हा आई आणि आत्या जेवायला बसल्या होत्या. आत्याने विचारलं, "आज काय शिकलीस?" ती म्हणाली, "आतडी." आत्या म्हणाली, "जेवताना नको." आई हसली. मग दुसऱ्या दिवशी सांगू, असं ठरलं. दुसरा दिवस येतच असतो, त्याचं काही अडत नाही. आईला 'तू बरोबर होतीस' असं सांगायचं म्हणजे 'तो वाचला असता' असंही सांगायचं, आणि ते सांगायचं कसं, हा प्रश्न तिने वर्षानुवर्षं इतक्या प्रामाणिकपणे स्वतःला विचारला, की विचारणं हेच काम झालं. आता डब्यावर हात ठेवून बसल्या बसल्या तिला दिसलं, की तो प्रश्न फार प्रामाणिक नव्हता. ती आत्याला जपत होती. कदाचित आत्यालाही नाही. पहाटे उजळणी घेणारी आत्या जिच्या वाट्याला आली होती त्या मुलीला जपत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशी ताटलीवर बारीक ठिपके उठले होते. तिने काचेवर थेंब घेतला, द्रावाचा थेंब मिसळला आणि काच हलकेच डोलवली. सात-आठ सेकंदांत पांढरे कण गोळा झाले, इतके ठळक, की आचारी मागे उभा राहून म्हणाला, "हात नाहीत, हातमोजे घालून आलाय." विषाची शेवटची खात्री व्हायला आणखी दोन दिवस लागणार होते, पण हे हात आणि ते विष एकत्रच नांदतात. कणांची ती काच घेऊन ती साहेबांकडे गेली. साहेब माणूस चांगला होता. कुणाचंही नुकसान होऊ नये असं त्यांना मनापासून वाटे, आणि त्यासाठी काहीही घडू नये असा त्यांचा उपाय असे.

"नवीन नमुना मागवा," साहेब म्हणाले, "नवीन क्रमांक टाका, नवीन निकाल द्या. गाभण गाईंना लस टोचायला सांगा. झालं. जुनं उकरायचं कशाला? त्या दिवशी जे दिसलं ते लिहिलं, आज जे दिसतंय ते लिहा."

"त्या दिवशी दिसलं नाही, कारण मी चुकीच्या ताटलीवर पाहिलं."

"हे वाक्य तुम्ही माझ्यासमोर बोललात, ठीक आहे. कागदावर बोलू नका. उद्या नऊ हजार लोक येतील विचारायला, आमच्या वेळी कुठली ताटली होती म्हणून."

"जुन्या कागदावर त्यांच्या सासूबाईंना गोठ्याबाहेर काढलंय."

"अहो," साहेब कळवळून म्हणाले, "आपण जनावरांचं निदान करतो, सासवांचं नाही!"

तिला हसू आलं, कारण वाक्य चांगलं होतं. आणि त्या हसण्यातच तिला साहेबांच्या सल्ल्याचा पूर्ण अर्थ लागला. नवीन क्रमांकाने पुढची वासरं वाचतील, गाईंना लस मिळेल, प्रयोगशाळेचं नाव राहील, सगळं होईल. फक्त पाचव्या वासराला जंतू झाला असं ठरेल, आणि पहिल्या चारांना म्हातारी. घरात कुणी बोलणार नाही. ती उठली की सून म्हणेल, तुम्ही बसा, मी देते.

"जुन्या क्रमांकावरच दुरुस्ती देते," ती म्हणाली. "सही माझी, चूक माझी. नऊ हजार आले तर माझ्याकडे पाठवा."

"तुम्हाला निवृत्तीला किती वर्षं आहेत?"

"सहा."

"मग कशाला," साहेब म्हणाले आणि दाराकडे पाहिलं, म्हणजे जा.

तिने स्वतःच टंकलं. आधीचा निकाल रद्द. परीक्षा अयोग्य माध्यमावर झाली होती, चूक तपासणाऱ्याची. चारही वासरांची लक्षणं आणि वय सारखं असल्याने मृत्यूचं कारण जंतूचं विष हेच धरावं. मग तिने पेन घेतलं आणि छापील जागा नसताना समासात लिहिलं, 'दूध पाजण्यात चूक आढळत नाही. पाणी देणे योग्य होते.' शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. ते तिने दोनदा वाचलं. शिक्का उचलला तेव्हा तो रोजच्यापेक्षा जड वगैरे काही लागला नाही. शाई मात्र कमी होती, दोनदा मारावा लागला. बाराला कागद टपालात गेला आणि तोच मजकूर तिने फोनवर वाचून दाखवला. सून म्हणाली, "बरं." पुढे म्हणाली, "गाय पहाटे व्याली. चीक सासूबाईंनीच पाजला. मला जमेना, वासरू तोंडच लावेना." आणि मग, जणू हे सांगितलं नाही तर आपल्याला फसवल्यासारखं होईल म्हणून, "मी त्यांच्याशी अजून बोललेले नाही."

ती त्या दिवशी लवकर घरी आली. ऊन अजून गॅलरीत होतं आणि आई दोरीवरच्या चादरी काढत होती. शहात्तर वर्षांची बाई, डोळ्यांना अंधुक दिसतं, पण चादरीची घडी कोपऱ्याला कोपरा लावूनच. "आज लवकर?" "हो." "बरं नाही का?" "बरं आहे." तिने पिशवी ठेवली आणि चादरीचं दुसरं टोक हातात घेतलं. सांगायला सुरुवात कशी करायची याची तीस वर्षं तयारी केलेली सगळी वाक्यं तिला एकदम आठवली, आणि सगळीच भाषणासारखी वाटली.

"आई, तू बाळाला पाणी देत होतीस ना, साखर-मीठ घालून. ते बरोबर होतं. तेच द्यायला हवं होतं."

आईने घडी थांबवली नाही. कोपरा जुळवला, हाताने सारखी केली. "ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "माझ्या हातून तो पीत होता ना. दोन चमचे प्याला की माझ्याकडे बघायचा." खालच्या रस्त्यावरून कुणीतरी सायकल ओढत नेत होतं, तिच्या साखळीचा आवाज येत राहिला. आईने मान वर केली. "तुला कधी कळलं?"

इतकी वर्षं प्रत्येक कागदावर तारीख घालणाऱ्या माणसाला खोटं वर्ष सांगता येईना. "कॉलेजात," ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षी."

आईने मनातल्या मनात काहीतरी मोजलं. ओठ हलले. आत्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"ती असताना सांगायचं होतंस गं," आई म्हणाली. रागावून नाही, भाजी घेऊन आलेल्या माणसाला, मीठ राहिलं, म्हणावं तशी. "आता मी कुणाला ऐकवू?"